महाडचा विंचू आणि दोन मिनिटांची तपासणी

जानेवारीत आम्ही आठवीच्या मुलांची सहल घेऊन रायगडावर गेलो होतो. रोपवेचं खालचं स्थानक हिरकणीवाडीत आहे, हे महाडकरांना सांगायला नको. सुट्टीचा दिवस, रांग लांबलचक आणि मुलं ताकावर तुटून पडलेली. ताक विकणाऱ्या मावशींना आम्ही शिक्षक आहोत हे कळलं, तशी त्यांनी टोपलीखालून एक प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली.

"मास्तर, यात काय लिवलंय ते जरा वाचून सांगा."

पिशवीत सरकारी दवाखान्याचा एक केसपेपर होता, दोन खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या आणि औषधांची रिकामी पाकिटं. तिन्ही कागदांवर थोड्याफार फरकानं तेच होतं: दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी, शक्तीची गोळी. आम्ही बीएड आहोत, एमबीबीएस नाही. आम्हाला त्यातलं काय कळणार? पण रांग हलत नव्हती, म्हणून विचारलं, "मावशी, होतं काय तुम्हाला?"

मावशी बोलत राहिल्या. रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. मुंग्या येऊन झोप मोडते. हात झटकला की जरा बरं वाटतं. सीझनला पर्यटकांसाठी दिवसाला पन्नास-साठ भाकऱ्या थापाव्या लागतात. हल्ली हातातून तांब्या सुटतो. सुरुवात दिवाळीच्या आसपास झाली. हे सगळं सांगायला त्यांना तीन-चार मिनिटं लागली असतील, मध्ये दोन गिऱ्हाइकांना ताक देऊनसुद्धा.

"हे सगळं डॉक्टरांना सांगितलंत ना?"

"सांगायला लागले की ते पुढच्याचं नाव हाकारतात."

वाडी जिच्या नावानं ओळखली जाते, त्या हिरकणीची आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ आहे म्हणून तिनं विनवण्या केल्या, पण पहारेकऱ्यांनी नियम दाखवला आणि ती कडा उतरून गेली. लोक तिच्या धाडसाबद्दल बोलतात, बोलायलाच हवं. आम्हाला त्या दिवशी मात्र दरवाजाजवळचा प्रसंग जास्त आठवत होता.

आता बातमीकडे येऊ. गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात आरोग्याच्या दोन मोठ्या घोषणा झाल्या आणि त्या अमलातही आल्या. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत झाले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं कवच कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत वाढलं आणि रेशनकार्डाचा रंग न पाहता सर्वांना मिळू लागलं. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांना त्याचा फायदा झाला आहे आणि तो नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. पण दार मोफत उघडलं की रांग वाढणार, हे सरळ गणित आहे. रांग वाढली, खुर्चीवरचा डॉक्टर मात्र एकच राहिला. सरकार खाटा मोजतं, औषधं मोजतं, ओपीडीतली माणसं मोजतं. एका माणसाला डॉक्टरांची किती मिनिटं मिळाली, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

हे बाहेर मोजलं गेलं आहे. 2017 मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात 67 देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा छापून आला. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सरासरी 22 मिनिटांहून जास्त वेळ मिळतो, बांगलादेशात 48 सेकंद. आपल्या देशाचा आकडा जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास आहे. दोन मिनिटांत 'बसा' म्हणणं, बीपीचा पट्टा, चिठ्ठी आणि 'पाच दिवसांनी दाखवा' एवढं होतं. रुग्णाचं बोलणं त्यात कुठे बसवायचं?

डॉक्टरांच्या बाजूनं एक म्हणणं नेहमी ऐकू येतं: लोकांना बोलू दिलं तर ते थांबतच नाहीत, सासूपासून शेजाऱ्यापर्यंत सगळं सांगत बसतात. यातही अभ्यास झाला आहे. 1984 मध्ये अमेरिकेतल्या बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-रुग्णांचे संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले. रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. मग 2002 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये उलटं करून पाहिलं गेलं. डॉक्टरांनी मध्ये अजिबात बोलायचं नाही, रुग्ण आपणहून थांबेपर्यंत थांबायचं, आणि घड्याळ लपवून लावायचं. तीनशेहून अधिक रुग्णांची सरासरी निघाली 92 सेकंद. चारातले तीन जण दोन मिनिटांच्या आत गप्प झाले. म्हणजे स्वीडनची 22 मिनिटं कुणी मागत नाही. बोलून संपायला माणसाला दीडच मिनिट लागतं.

पण यासाठी स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. ऐकून आणि बघून माणसं वाचवता येतात हे ज्या गावानं जगाला दाखवून दिलं, ते गाव आपलं महाडच आहे.

चाळिशीच्या पुढच्या महाडकरांना विंचवाची जुनी दहशत आठवत असेल. उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत लाकडाच्या मोळीतून, पेंढ्यातून, घराच्या दगडी जोत्यातून लाल विंचू निघायचा. चावला की रात्रभर घरात कुणी झोपायचं नाही. काळा विंचू दिसायला मोठा, पण माणूस मरायचा तो या लहान लाल विंचवानं. विशेषतः मुलं. चावल्यावर काही तासांत तोंडाला फेस, धाप आणि पहाटेपर्यंत खेळ खलास. गंभीर लक्षणं दिसलेल्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत. डॉक्टरांकडे नेमका इलाज नव्हता आणि माणूस नक्की कशानं मरतो हेही कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

1976 च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. नाव हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीत शिकलेले, नागपूरहून एमबीबीएस झालेले. त्यांच्याकडे ना मोठी यंत्रं होती, ना प्रयोगशाळा. त्यांनी केलं ते एवढंच की विंचू चावलेल्या रुग्णाच्या खाटेजवळून ते हलले नाहीत. रात्र रात्र बसून वहीत लिहीत राहिले: किती वाजता चावला, आधी काय झालं, नंतर काय झालं, घाम कधी फुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, बीपी किती. रुग्णामागून रुग्ण. त्यातून एक क्रम दिसू लागला. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी चढतं, हृदय थकतं आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. तोंडाला येणारा तो फेस म्हणजे फुप्फुसातलं पाणी.

1982 मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचा लेख आला. विषय होता लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर संकट येण्याआधी दिसणाऱ्या खुणा. आम्ही शिक्षक म्हणून या विषयाकडे पाहतो तेव्हा थक्क होतो. संकट येण्याआधीच्या खुणा यंत्र सांगत नाही, त्या वेळी यंत्र जवळ नसतंच. त्या सांगतो रुग्ण किंवा त्याला घेऊन आलेली आई. "साहेब, पोराला दरदरून घाम सुटलाय, दोनदा ओकला, पाय बर्फासारखे झालेत." हे वाक्य पूर्ण होऊ दिलं तर डॉक्टरला कळतं की विष भिनलंय आणि हातात थोडा वेळ आहे. मध्येच 'हो हो, कळलं, इंजेक्शन देतो' म्हटलं तर तो वेळ गेला.

एक खूण तर अशी आहे की ती विचारल्याशिवाय समजतच नाही. मुलग्यांमध्ये आणि पुरुषांमध्ये विष भिनल्यावर लिंगात न उतरणारा ताठरपणा येतो. घरची बाई हे सांगायला लाजते, मुलगा स्वतः मेला तरी बोलत नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता, पण माणुसकीनं विचारलं तरच उत्तर मिळतं. आणि दुसरी गोष्ट याहून अजब. विष अंगभर भिनलेलं असताना दंशाच्या जागेची वेदना कमी असू शकते, आणि रुग्ण बरा होऊ लागला की तीच जागा भयंकर दुखायला लागते, हेही त्यांच्या निरीक्षणात आलं. म्हणजे पहाटे पोरगं 'बोट दुखतंय, बोट दुखतंय' म्हणून आकांत करू लागलं तर ती आनंदाची बातमी असू शकते! ज्यानं रात्रभर त्याचं ऐकलंय त्यालाच हे ओळखता येईल. नुसता आकांत ऐकून आलेला माणूस आणखी एक झोपेचं इंजेक्शन देऊन मोकळा होईल.

पुण्याला एमडी करून डॉ. बावस्कर पुन्हा याच भागात आले. बीपीसाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. ती विंचूदंशावर देऊन पाहण्याचं काम त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत केलं आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट'नं तेही छापलं. तीस-चाळीस टक्क्यांवरचे मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. आज जगात जिथे जिथे विंचू आहे, तिथल्या डॉक्टरांना महाडचं नाव ठाऊक आहे. 2011 मध्ये विंचवाच्या प्रतिविषाबद्दलची त्यांची चाचणी 'बीएमजे'त आली. महाडच्याच 70 रुग्णांवरची. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्रतिविष आणि प्राझोसिन मिळून दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो, असा तिचा निष्कर्ष होता. आपल्याच गाजलेल्या औषधाला जोड लागते हे त्यांनी स्वतः सिद्ध करून छापलं, हे आम्हाला पद्मश्रीइतकंच मोठं वाटतं. पद्मश्री 2022 ला मिळाली. त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र मराठीत आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हातात ते जरूर द्यावं.

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना अबू बक्र अल-राझींबद्दल सांगतो. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे रय आणि बगदादचे हकीम. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे त्यांनी तपशिलानं लिहिलं. ते लिहू शकले, कारण कुठल्या रुग्णाला आधी पाठ दुखली, कुणाला आधी अस्वस्थ वाटलं, याच्या नोंदी ते ठेवत. त्यांच्या भल्यामोठ्या 'अल-हावी' ग्रंथात अशा रुग्णांच्या हकिकती आहेत. बगदादच्या राझींची वही आणि बिरवाडीच्या डॉक्टरांची वही आम्हाला एकाच जातीची वाटते. आपल्याकडे स्टेजवरून मुसलमान वैज्ञानिकांची नावं अभिमानानं घेतली जातात. ते काम कसं करत हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

आता थोडं कडू. आपल्या वस्त्यांत आणि वाडीवस्तीवर अजूनही लोक आधी बाबाकडे जातात. कुणी भगताकडे, कुणी आमिलकडे. शिकलेली घरंही यात आहेत, उगाच गरिबांवर ढकलू नये. आम्ही वर्गात, पालकसभेत याविरुद्ध खूप बोललो. फरक पडला नाही. मग एकदा एका विद्यार्थ्याच्या आईलाच विचारलं की भाभी, तुम्ही तिकडे का जाता? त्या म्हणाल्या, "सर, तिथं बसवतात. नाव विचारतात, अम्मीचं नाव विचारतात, झोप लागते का विचारतात, घरात कुणाशी वाद आहे का विचारतात. रडू आलं तर रडू देतात." त्या बाबानं त्यांच्याकडून किती रुपये घेतले ते इथे लिहीत नाही. पण त्यानं अर्धा तास दिला होता. डॉक्टरांनी दोन मिनिटं. ज्या दुकानात माल खोटा आहे तिथे गर्दी आहे, आणि खरा माल असलेल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडे बघायला फुरसत नाही, अशी ही अवस्था आहे. अंधश्रद्धेवर भाषणं करून ती बदलणार नाही.

बायकांच्या दुखण्याचं तर बोलायलाच नको. 1989 मध्ये गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांना भेटून, विचारून, तपासून पाहिलं तर 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची एक ना एक तक्रार निघाली. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या वेळी जगात गरीब देशांतल्या बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समजलं जायचं. त्या अभ्यासानं ते बदललं. बंग दांपत्यानं पुढे आदिवासींनाच विचारलं की दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते असं लोक म्हणाले, म्हणून झोपड्यांसारखा दवाखाना बांधला आणि त्याला लोकांच्याच देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं.

आपल्या घरांत काय होतं? कोकणात आपली अर्धी कर्ती माणसं आखाती देशांत. सुनेला दवाखान्यात घेऊन जायचं काम सासूबाईंचं किंवा दिराचं. डॉक्टर सुनेला विचारतात, उत्तर सासू देते. नवरा बरोबर असेल तर नवरा देतो. दुखतंय एकीचं आणि बोलतंय दुसरंच कुणीतरी. हे लिहिताना आम्ही स्वतःला सोडत नाही. तीन वर्षांपूर्वी अम्मींना घेऊन एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी अम्मींना विचारलं, "काय होतंय?" आम्ही लगेच सुरू झालो: शुगर आहे, बीपी आहे, अमुक गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. शिक्षक ना, उत्तर यायलाच हवं. बाहेर रिक्षात बसल्यावर अम्मी हळूच म्हणाल्या, "गुडघ्याचं काय नाय रे, ते जुनंच हाय. मला चार दिस छातीत भरून येतंय, ते सांगायचं होतं." रिक्षा तशीच वळवली. अल्हम्दुलिल्लाह, वेळेत कळलं, पुढे उपचारही झाले. पण त्या दिवशी त्यांचं बोलणं तोडलं ते डॉक्टरांनी नाही, आम्ही.

म्हणून सगळा दोष डॉक्टरांवर टाकणं आम्हाला मान्य नाही. डोंगराळ भागात साधारण 20 हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा निकष आहे. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ओपीडी, बाळंतपणं, लसीकरण, साथीचे अहवाल, ऑनलाइन नोंदी, बैठका, वेळप्रसंगी शवविच्छेदन, सगळंच बघावं लागतं. आम्ही शिक्षक जनगणना, निवडणूक आणि पोषण आहाराच्या नोंदींखाली कसे वाकतो ते आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांचं दुखणं आम्हाला कळतं. साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरचं मूल गप्प का आहे हे आमच्याही लक्षात येत नाही. शिवाय डॉक्टरांना मारहाण होते. महाराष्ट्रात याविरुद्ध 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे, तरी तोडफोडीच्या बातम्या येतच असतात. अशा बातम्या नीट वाचल्या तर नातेवाइकांचं एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं: "आम्हाला काही सांगितलंच नाही." त्यानं हात उगारण्याचं समर्थन होत नाही, होऊच शकत नाही. पण आग कुठे लागते ते कळतं.

आणि आपली शिबिरं! गेल्या वर्षी एका मोफत आरोग्य शिबिरात आम्ही स्वयंसेवक होतो. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं नेक आहेत. सकाळी दहा ते दुपारी दोन, डॉक्टर एक, आणि दुसऱ्या दिवशी बातमी: 'तीनशे रुग्णांनी लाभ घेतला.' बातमी आम्हीच लिहून दिली होती. नंतर सातवीला सरासरी शिकवताना सहज फळ्यावर मांडलं. चार तासांचे 240 मिनिटं, भागिले 300. उत्तर आलं 48 सेकंद. वर बांगलादेशचा आकडा वाचताना ज्यांनी 'अरेरे' म्हटलं असेल त्यांनी हा आपला आकडाही बघावा. पुढच्या शिबिरात साठ रुग्ण घ्यावेत आणि प्रत्येकाला चार मिनिटं द्यावीत, असं आम्ही आयोजकांना सुचवलं आहे. "साठ म्हटलं तर बॅनरवर कसं दिसेल?" असा प्रश्न आला. चर्चा चालू आहे.

वरच्या पातळीवर थोडं हललं आहे. 2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद हा भाग पहिल्या वर्षापासून सक्तीचा झाला. रुग्णाशी कसं बोलायचं, वाईट बातमी कशी सांगायची, हे आता शिकवायचं आहे. पण ज्या मुलांनी दोन वर्षं कोचिंग क्लासमध्ये चार पर्यायांतून एक निवडायचीच सवय लावून घेतली, त्यांना पाचवा पर्याय रुग्णाच्या तोंडून येऊ शकतो हे पटायला वेळ लागेल. शिवाय भाषा. महाडच्या आसपासच्या म्हाताऱ्यांची बोली लातूरच्या किंवा नागपूरच्या तरुण डॉक्टरला पटकन कळत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या खाला-चाचींची कोकणी तर पुण्याच्या नर्सलाही कळत नाही. त्यांना हिंदीत विचारलं जातं, कारण नाव मुसलमानाचं आहे. खालांना हिंदी येत नाही! त्या 'हा, हा' म्हणत मान हलवतात आणि डॉक्टरांना वाटतं समजलं. हे सुधारायला पैसा लागत नाही. दवाखान्यातली स्थानिक नर्स किंवा आशाताई दोन वाक्यं इकडची तिकडे करू शकते, पण तिला तसं सांगितलेलं असायला हवं.

शाळेत आम्ही एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. आठवी-नववीच्या मुलांना निबंधाऐवजी घरच्या आजारी माणसाची चिठ्ठी लिहायला सांगतो. दादी, नानी, आजी, जे कुणी असेल त्यांच्यासमोर बसायचं आणि पाच प्रश्न विचारायचे. कधीपासून? कुठे? कशानं वाढतं, कशानं कमी होतं? आणखी काय होतं? आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशामुळे झालं असेल? उत्तर त्यांच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता लिहायचं. 'काळजात धडधडतंय' असं असेल तर तसंच. कागद अर्धा, त्याहून मोठा नको, कारण डॉक्टरांनी तो वाचला पाहिजे. एका मुलीनं लिहिलं, 'दादी म्हणते मला काही होत नाही, पण ती पायरी चढताना थांबते आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघते.' त्या वाक्याला आम्ही दहापैकी दहा दिले. दादींना डॉक्टरांकडेही पाठवलं.

हिरकणीवाडीच्या मावशींची चिठ्ठी त्या दिवशी रांगेतच लिहिली गेली. आमच्या एका विद्यार्थिनीनं, सहलीच्या वहीचं पान फाडून. अंगठा आणि दोन बोटं, रात्री जास्त, हात झटकला की बरं, साठ भाकऱ्या, तांब्या सुटतो, दिवाळीपासून. पानाच्या कडेला तिनं हाताचं चित्र काढून बधिर बोटं पेन्सिलनं काळी केली होती. मग आमचा नंबर लागला आणि आम्ही वर गेलो.

मार्चमध्ये मावशींच्या मुलाचा फोन आला. मावशी चिठ्ठी घेऊन तिसऱ्या वेळी त्याच सरकारी दवाखान्यात गेल्या होत्या. डॉक्टरांनी कागद वाचला, चित्र बघून हसले, मग मनगट दाबून पाहिलं, हात दुमडून धरायला सांगितला. मनगटात नस दबते आहे म्हणाले. शुगर आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली, रात्री लावायला मनगटाचा पट्टा दिला. भाकऱ्या कमी करा असंही सांगितलं, ते काही मावशींना जमणार नाही, सीझन चालू आहे. मग मुलानं फोन मावशींकडे दिला. हात अजून दुखतोय, अशी तक्रार त्यांनी आधी केली. पट्ट्यानं रात्री घाम येतो, ही दुसरी. आणि तिसरं म्हणाल्या, "मास्तर, त्या डॉक्टरांनी मला इचारलं, भाकरी तांदळाची का नाचणीची. नाचणीची थापायला जास्त जोर लागतो, ते मी त्यांला सांगितलं. त्यांनी ते लिवून घेतलं."